नीराबाईचा बिनमिठाचा टोप

आमच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बाईच्या हाताशी तीन वस्तू कायम असतात. पाण्याची बाटली, कावळे हाकायची काठी आणि कुत्र्यांना मारायला गोळा केलेले खडे. नीराबाईकडे यातली फक्त बाटली आहे. बाकीच्या दोन कामांना तिने कुत्रीच ठेवली आहेत.

हे वाचून बाहेरच्या माणसाला काही वाटायचं नाही. पण दिघीपासून खाली कुठल्याही कोळीवाड्यात जाऊन सांगा, की एका बाईच्या खळ्यावर, म्हणजे मासळी वाळवायच्या अंगणात, बांगडे पसरलेले असतात आणि त्यांच्यात तीन कुत्री मोकळी फिरतात. लोक तुमच्याकडे बघतील आणि विचारतील, दुपारच्याला कुठे बसला होतात?

माझं घर दिघीच्या वाटेवर आणि नोकरी बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या एका मेडिकलमध्ये. मधल्या वस्तीत, सुरूच्या झाडांना लागून नीराबाईचं खळं. रोज जाता-येता गाडी तिथे आपोआप हळू होते. एक तर रस्ता तिथे खराब आहे आणि दुसरं म्हणजे नीराबाई कोणाला हाक मारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

"काय रं धम्मदीपा, आज डोक्याला तेल जास्त झालंय. दुकानातलं फुकट मिळतंय काय?"

वय एकसष्ट. आवाज होडीवरून धक्क्यापर्यंत पोचणारा. नवरा गुणाजी, जाळी विणतो आणि उसवतो. दिवसभरात बोलतो फार थोडं, पण बोलला की ते दोन दिवस वस्तीत फिरतं. मुलगा कमलेश आणि सून रचना कळंबोलीला. आणि घरात उरलेली तीन माणसं म्हणजे शिंगाळा, वाकटी आणि ढोमा.

नावं माशांचीच आहेत. शिंगाळ्याला तोंडाभोवती लांब मिशा आहेत, अगदी शिंगाळा माशासारख्या. वाकटी लांबडी, चपटी, बाजूने दिसते आणि समोरून दिसत नाही. ढोमा हा मासा पाण्याबाहेर काढला की घुरघुरतो. हा ढोमा पाण्यात घातला तरी घुरघुरतो. शिंगाळ्याकडे कावळे आणि घारी. वाकटीकडे मांजरं आणि बकऱ्या. ढोम्याकडे परकी कुत्री. ढोमा त्यांच्यावर धावून वगैरे जात नाही. तो वाटेवर आडवा झोपतो आणि घुरघुरतो, आणि बाकीचं काम त्याची रुंदी करते.

हे तिघे समोर पसरलेला मासा खात कसे नाहीत, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नीराबाईचं उत्तर ठरलेलं असतं.

"कुत्र्याला खाऱ्याची चव लागता कामा न्हाय. एकदा जिभेला खारं लागलं, का तो राखणदार संपला. पोट भरलेलं हाय, आणि चव ठाव न्हाय, मग चोरी करील कशाला?"

म्हणून रोज सकाळी मागच्या चुलीवर कुत्र्यांचा वेगळा टोप चढतो. तांदळाची कणी नाहीतर नाचणी, आलेल्या ताज्या मासळीची डोकी, लाल भोपळ्याच्या फोडी, असल्या तर शेवग्याचा पाला. मीठ नाही, मिरची नाही. शिजलं की नीराबाई मांडी घालून बसते आणि बोटांनी चाचपून काटा न काटा काढते. गुणाजीच्या ताटातला काटा तिने लग्न झाल्यापासून एकदाही काढलेला नाही, हे त्याने मला स्वतः सांगितलं आहे.

टोपाच्या आधी फेरी. उजाडताना धक्क्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत अनवाणी, आणि परत. कुत्री पाण्यात शिरतात, वाळू उकरतात, खेकड्यांच्या मागे लागतात. नीराबाई मागून चालते. दुपारी ती तिघं सुरूच्या सावलीत खड्डे करून झोपतात, पण पाळीने. एकाचा तरी कान उभा असतो. संध्याकाळी करंजेल लावून गोचिडी बघायच्या. साखळी नाही, पट्टा नाही. नीराबाईच्या तिघांच्या अंगाला असली चकाकी आहे की हात लावला तर तेलकट होईलसं वाटतं. आमच्या मेडिकलसमोरची कुत्री बघा. दिवसभर चहाच्या टपरीवरची बिस्किटं खातात आणि मागचा पाय पंख्यासारखा फिरवत अंग खाजवतात.

मागच्या डिसेंबरात एक पुण्याच्या बाई मोठ्या गाडीतून उतरल्या होत्या. कडेवर सोनेरी केसांचं कुत्रं. त्यांनी नीराबाईला विचारलं, "तुमच्या कुत्र्यांचं डाएट काय?"

"आमचं काय, मिळंल ते. पण हा पायानं अधू हाय काय वो?"

"नाही, का?"

"कडेवर हाय म्हून विचारलं."

बाई हसल्या, हे त्यांचं मोठेपण. कुत्र्याला खाली ठेवलं. अर्ध्या तासाने त्याचा रंग सोनेरी राहिला नव्हता आणि ते गाडीत बसायला तयार नव्हतं.

तर हे असं सगळं चाललेलं असताना, त्याच्या आधीच्या महिन्यात, म्हणजे नोव्हेंबरात, नीराबाई खाऱ्याच्या पिंपाशी उभ्या उभ्या पडली. त्या पिंपात मिठाचं पाणी असतं, साफ केलेले बांगडे त्यात मुरतात आणि मग उन्हाला जातात. ती पडली तेव्हा ढोमा रस्ता सोडून धावत आला, वाकटी रडायला लागली, आणि शिंगाळ्याने जाऊन गुणाजीच्या हातातलं जाळं दातात धरून ओढलं. गुणाजीला आधी वाटलं, याला खेळायचं आहे.

बोर्लीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा बांधला. एकशे ऐंशी, खाली एकशे दहा. डॉक्टर म्हणाले, पडलात ते बरं झालं, नाहीतर कळलंच नसतं. गोळी सुरू केली आणि एक कागद लिहून दिला. रात्रीच कमलेश आणि रचना गाडी करून आले.

कमलेश वाईट मुलगा नाही. उरणकडच्या एका कंटेनर यार्डात कामाला आहे आणि बोलणं आता निम्मं तिकडचं झालंय.

"आये, आता रिस्क नको. तिकडे घराखाली हॉस्पिटल आहे. लिफ्ट आहे. तू फक्त बस आणि आराम कर."

"आणि हे तिघं?"

"सोसायटीत अलाऊड नाही गो. पनवेलला एक संस्था आहे, कुत्री ठेवून घेते. मी बोलतो त्यांच्याशी."

नीराबाईने रचनाकडे बघितलं. रचना बिचारी म्हणाली, "आई, आपल्याला बाल्कनी पण आहे. मोठी आहे."

"बाल्कनीत काय वाळवू?"

"कपडे," गुणाजी म्हणाला. हे वस्तीत आठवडाभर फिरलं.

शेवटी तडजोड झाली ती शिमग्याची. कमलेश शिमग्याला येणार. तेव्हा वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत असला, तर आई खळ्यावर. नसला, तर पिशवी भरून कळंबोली, आणि कुत्री पनवेलला. नीराबाईने एकवीरा आईची शपथ घेतली. तिची शपथ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कमलेशला तर जास्तच. म्हणून तर त्याने ती घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी ती गोळ्या न्यायला मेडिकलमध्ये आली आणि डॉक्टरांचा कागद माझ्यासमोर टाकला. "वाच. हळू वाच, मास्तर असल्यावानी."

मी वाचला. जेवणात मीठ बंद. तळलेलं बंद. ताजी मासळी उकडून. नाचणी, भोपळा, पालेभाजी. पोट भरेल इतकंच, वेळेवर. सकाळी तासभर भरभर चालणं. दुपारी थोडी झोप. ओरडणं कमी.

ती बघतच राहिली. "परत वाच."

परत वाचला.

"अरं, हे तर माझ्या कुत्र्यांचं लिवलंय! यांनी आमचा टोप कधी बघितला?"

मी म्हटलं, "मावशी, ओरडणं कमी, हे कुत्र्यांचं नाही वाटत."

"ढोमा कधी वराडतो? नुसता घुरघुरतो. त्याचंच हाय ते."

आता इथे नीराबाईचं मोठेपण सुरू होतं. शंभरातली नव्याण्णव माणसं तो कागद घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवतात. मी रोज बघतो. नीराबाई घरी गेली आणि मागच्या चुलीवरचा टोप मोठा केला. तीन वाट्यांच्या रांगेत चौथं ताट आलं. आधी तिघांना, मग तिला. भात, डोकी, भोपळा. मीठ नाही, मिरची नाही.

पहिल्या दिवशी गुणाजी समोर खाऱ्या बांगड्याचा तुकडा आणि भाकरी घेऊन बसला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आता भुंकायचं तेवढं राहिलं."

"ते मी आधीपासून करतेय. तूच सांगतोस ना वस्तीत?"

आठवडाभर तिला घास उतरत नव्हता. जन्म खाऱ्यात गेलेला. सुकटीची चटणी नसली तर ताट रिकामं वाटणारं घर. ती मला म्हणायची, "तोंडात कापूस धरल्यावानी वाटतंय रं." पण समोर वाकटी वाटी चाटून लख्ख करायची आणि वर बघायची, तेव्हा नीराबाईलाही ताट टाकून उठता येईना. लाज कोणाची वाटावी याला काही नियम नाही.

फेरीत आधी ती मागून चालायची, आता बरोबरीने चालायला लागली. खाडीच्या तोंडाशी दम खायला बसायची ती जानेवारीपासून बसेनाशी झाली. दुपारी कधी पाठ न टेकणारी बाई सुरूखाली आडवी व्हायला लागली. तिघांच्या झोपेच्या पाळ्या होत्या, त्या चौघांच्या झाल्या. फक्त चौथीची पाळी कायम झोपायचीच असे. दोन महिन्यांत पाच किलो उतरली. चोळीच्या बाह्या सैल झाल्या. बोर्लीच्या बाजारात बायका तिला थांबवून विचारायच्या, काय खातेस? ती सांगायची, "कुत्र्याचं." त्यांना वाटायचं, चिडली.

सगळं झालं, पण पाऱ्याने दाद दिली नाही. दर गुरुवारी मी पट्टा बांधायचो. एकशे बहात्तर. एकशे सहासष्ट. मग एकशे बासष्टवर आला आणि तिथे खिळा ठोकल्यासारखा बसला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. विचारलं, "मीठ नक्की बंद आहे ना?"

"जेवणात मिठाचा कण न्हाय, डॉक्टर. या पोराला विचारा."

पोराने, म्हणजे मी, मान डोलावली. रोज तिच्या खळ्यावरून जाणाऱ्या, औषधांचं शिक्षण घेतलेल्या माणसाने मान डोलावली. हे पुढे माझ्या तोंडावर बरंच मारण्यात आलं.

फेब्रुवारी लागला. कमलेशचा दर रविवारी फोन यायचा. रचनाने आतली खोली रिकामी केली होती, खिडकीला पडदे लावले होते. ती पडद्यांचा फोटो पाठवायची. नीराबाई फोटो बघायची आणि फोन पालथा ठेवायची.

त्याच सुमारास शिंगाळा पाणी प्यायला लागला. म्हणजे आधीही पीत होता, पण आता घमेलंच्या घमेलं. वाकटी आणि ढोमा दोन तोंडं लावून बाजूला व्हायचे. शिंगाळा घमेल्याचा तळ दिसेपर्यंत. दुपारनंतर तर विचारू नका.

शेजारच्या खळ्यावर कोकिळा मासळी सुकवते. नीराबाईची मैत्रीण आहे आणि नीराबाईचं काही बिघडलं की सगळ्यात आधी तिला कळतं. तिने काठीवर हनुवटी टेकवून निदान केलं.

"नीरे, शिंगाळा फुटला गो तुझा. खारं खातोय. कुत्र्याला तहान उगाच लागते काय?"

नीराबाई गप्प बसली. नीराबाई गप्प बसली, हे मी दोनदा लिहावं इतकं क्वचित घडतं. शिंगाळा खारं खात असेल तर तो राखणदार संपला, हा तिचाच नियम. नऊ वर्षांचा कुत्रा. ती पडली तेव्हा धावत गेलेला. आणि शिमग्याला तीन आठवडे उरलेले. एकीकडे आकडा हलत नाही, दुसरीकडे घरातच चोर.

तिने दुसऱ्या दिवशी दुपारी नाटक केलं. रोजच्यासारखी सुरूखाली आडवी झाली, पदर तोंडावर घेतला आणि त्याच्या विणीतून बघत राहिली.

हे तिने मला नंतर इतक्यांदा सांगितलंय की आता मीही तिथे होतो असं वाटतं. वाकटी आणि ढोमा झोपले. शिंगाळा जागा. तो उठला. खळ्याला एक फेरी मारली. एक कावळा उतरायला बघत होता, त्याच्यावर नुसतं बघितलं, तो गेला. मग शिंगाळा बांगड्यांच्या दोन रांगांमधून चालत आला. एका बांगड्याचं शेपूट त्याच्या मिशीला लागलं. त्याने मान वळवली नाही. पदराखाली नीराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो सरळ तिच्याकडे आला आणि तिचा हात चाटायला लागला. एकेक बोट, बोटांच्या मधलं, नखांच्या कडा, मग मनगट. अगदी सावकाश, गुणाजी जाळ्याची गाठ सोडवतो तसं. हे काही नवीन नव्हतं. रोज दुपारी पाळी संपताना तो हे करायचा. नीराबाई वस्तीला अभिमानाने सांगायची, "माया हाय त्याची." आधी ती दुपारी झोपायची नाही, तेव्हा माया पाच मिनिटांची होती. आता ती तासभर आडवी असायची. माया तासभराची झाली होती.

हात संपवून त्याने पाय घेतले. मग उठला, घमेल्यापाशी गेला आणि तळ दिसेपर्यंत प्याला.

नीराबाई उठून बसली. हाताकडे बघितलं. सकाळपासून पिंपात बुडालेला हात. तिने बोट जिभेला लावून बघायला वर नेलं आणि तिथेच थांबली.

संध्याकाळी तिने रस्त्याच्या मध्ये उभं राहून माझी गाडी अडवली.

"धम्मदीपा, चोर गावला."

"शिंगाळाच ना?"

"न्हाय. मी."

आता खाऱ्याचं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिंपातलं पाणी पुरेसं खारं आहे का, बांगडा आतपर्यंत मुरला का, पाणी बदलायचं का, हे सगळं नीराबाई जिभेवर ठरवते. पाण्यात बोट, बोट जिभेला. कल्ल्यात बोट, बोट जिभेला. तिची मासळी पावसाळाभर टिकते आणि तरी घशाला लागत नाही, ही बोर्लीपासून तळा गावापर्यंत ख्याती आहे, आणि ती ख्याती त्या जिभेची. छत्तीस वर्षं ते बोट जातंय. डोळ्याची पापणी लवावी तसं. तिला ते खाणं वाटतच नव्हतं, म्हणून ते डॉक्टरांना सांगायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"किती वेळा जात असेल बोट?" मी विचारलं.

"असंल चार-पाच वेळा."

दुसऱ्या दिवशी तिने पिंपाशेजारी पत्र्याचा डबा ठेवला आणि बाजूला शिंपल्यांचा ढीग. बोट जिभेला गेलं की एक शिंपला डब्यात. मी दुपारी मुद्दाम जेवायला घरी निघालो आणि वाटेत थांबलो. दोघांनी डबा उपडा केला. चौऱ्याहत्तर शिंपले निघाले. अजून निम्मा दिवस बाकी होता.

गुणाजी जाळं विणता विणता म्हणाला, "त्यात दोन मी टाकलेत." मग म्हणाला, "आणि ती इसरली ते बरेच."

आता कोणालाही वाटेल, संपलं, बोट घालू नकोस म्हणजे झालं. पण सुताराला सांगा, उद्यापासून डोळे मिटून रंधा मार. जीभ काढून घेतली तर नीराबाई आणि नवी शिकाऊ बाई यांत फरक काय? नवी बाई पिंपात कोंबडीचं कच्चं अंडं टाकते. अंडं तरंगलं, पाणी पुरेसं खारं. बुडलं, तर मीठ वाढवा. नीराबाईला सासूने अंड्यावरच शिकवलं होतं आणि वर्षभरात तिने ते सोडलं होतं. कोकिळा आजही अंडं वापरते आणि नीराबाईने तिला त्यावरून आयुष्यभर छळलं होतं.

तीच नीराबाई शेजारच्या खळ्यावर गेली. "कोकिळे, एक अंडं दे."

कोकिळाने तो क्षण वाया घालवला नाही. "आमलेट करतेस काय गो? कांदा देऊ?"

"दे. कांदाबी दे."

हे मला सगळ्यात अवघड वाटतं. तोंडाला कापूस लागणारा भात महिनोन्महिने खाणं जमेल एखाद्याला. पण छत्तीस वर्षांच्या नावावर पाणी सोडून भर वस्तीत पिंपात अंडं टाकणं, आणि तेही कोकिळाचं!

आणि पहिलाच घाणा फसला. अंडं झकास तरंगलं, बांगडे मुरले, वाळले, आणि निघाले अळणी. पावसाळा सोडा, महिनाभरही टिकले नसते. नीराबाईने पाटीच्या पाटी वस्तीत वाटून टाकली. घरोघरी लोक ते खाताना एकमेकांकडे बघत होते. दोन दिवस ती कोणाला हाक मारत नव्हती. मी गाडी हळू करून, थांबून, हॉर्न वाजवूनही बघितलं.

चूक गुणाजीने पकडली. "अंडं कधीचं होतं?"

कोकिळाने छपराखालच्या टोपलीतून काढून दिलेलं, पंधरा दिवसांचं. शिळं अंडं हलकं होतं, कमी खाऱ्यातही वर येतं. कोकिळाने शपथेवर सांगितलं की मुद्दाम दिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज सकाळचं ताजं अंडं यायला लागलं, आणि ते कोकिळाच आणून द्यायची. दुसरा घाणा बरा निघाला. तिसरा, खरं सांगायचं तर, पूर्वी तिच्या जिभेवर निघायचा तसाच. नीराबाई मात्र अजून म्हणते, "जीभ ती जीभ."

अंड्याबरोबर दुसरी गोष्ट सुरू झाली. पिंपाचं काम झालं की विहिरीच्या गोड्या पाण्याने, काथ्याने घासून हात-पाय धुवायचे, मगच सावलीत. पहिल्या दिवशी शिंगाळा पाळी संपवून आला. बोट चाटलं. थांबला. दुसरं बोट चाटलं. तिच्या तोंडाकडे बघितलं, दुकानदाराने सुट्टे पैसे नाहीत सांगितल्यावर गिऱ्हाईक बघतं तसं. आणि जाऊन होडीच्या सावलीत एकटा झोपला.

चार दिवस तो तिच्याजवळ आला नाही. तहान मात्र गेली.

"नऊ वर्सं," नीराबाई म्हणाली. "नऊ वर्सं मी म्हटलं माया हाय. मीठ होतं रं ते." मी हसलो, पण ती हसली नाही. कमलेश कळंबोलीला गेला तेव्हाही तिला इतकं लागलं नव्हतं, असं गुणाजी म्हणतो.

शिमगा आला. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी कमलेश आणि रचना गाडीतून उतरले. रचनाच्या हातात आईसाठी नवी, चाकांची पिशवी होती. मी पट्ट्याचं मशीन घेऊन आधीच पोचलो होतो, कारण तसा हुकूम होता. नीराबाईला पाच मिनिटं गप्प बसवलं. हे पट्टा बांधण्यापेक्षा अवघड काम. कोकिळा कुंपणाशी. तिन्ही कुत्री समोर, पण शिंगाळा जरा लांब.

पट्टा फुगला. ढोमासुद्धा घुरघुरायचा थांबला होता.

एकशे छत्तीस. खाली चौऱ्याऐंशी.

"मशीन बरोबर आहे ना?" कमलेश म्हणाला.

दुसऱ्या दंडाला बांधलं. एकशे अडतीस. कोकिळाने कुंपणापलीकडून एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली की वाकटी बकरी समजून धावली. रचनाने चाकांची पिशवी हळूच गाडीच्या मागे सरकवली आणि सासूच्या गळ्यात पडली. कमलेश ओट्यावर बसला. आनंद झाला होता, पण हरला होता, त्यामुळे चेहऱ्याचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

तेवढ्यात शिंगाळा उठला. शेपूट हलवत कमलेशकडे गेला आणि त्याचा हात चाटायला लागला. एकेक बोट, बोटांच्या मधलं, नखांच्या कडा.

कमलेश फुलला. "बघ आये! अजून ओळखतो मला. विसरला नाही."

आम्ही सगळे शिंगाळ्याकडे बघत होतो. नीराबाई कमलेशच्या हाताकडे बघत होती.

"वाटेत काय खाल्लंस रं?"

"काही नाही. का?"

"वेफर्स," रचना म्हणाली. "माणगावपासून इथपर्यंत तीन पाकिटं. मी मोजलीयत."

शिंगाळ्याने दुसरा हात घेतला.

"धम्मदीपा," नीराबाई म्हणाली, "पट्टा याच्या दंडाला बांध."

एकशे चौपन्न. खाली अठ्ठ्याण्णव. वय चौतीस. कमलेशने या वेळी मशीन बरोबर आहे का ते विचारलं नाही. मी त्याला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, आणि माझ्या आवाजात जो आनंद होता तो लपवायचा प्रयत्न केला. नीराबाई आत गेली आणि मागच्या चुलीवरच्या टोपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

शिमग्याचे तीन दिवस कमलेश पाचवं ताट घेऊन त्या रांगेत बसला. पहिल्या घासाला त्याने इकडेतिकडे बघितलं. "मीठ कुठाय?"

"चाटून संपवलं," गुणाजी म्हणाला.

पहाटेच्या फेरीत तो खाडीच्या तोंडाशी दम खायला बसला आणि ढोमा त्याच्याशेजारी बसून राहिला, कारण बसायला कोणीतरी मिळालं होतं. कळंबोलीला परत जाताना चाकांची पिशवी रिकामी गेली नाही. तिच्यात नाचणीचं पीठ, लाल भोपळा आणि डॉक्टरांच्या कागदाची माझ्या दुकानातून काढलेली झेरॉक्स होती. तिकडच्या डॉक्टरांनी कमलेशला सुरू केलेली गोळी आता रचना मोजून देते, आणि रविवारच्या फोनवर आकडा आई मुलाला विचारते.

परवा दुपारी मी जाताना गाडी हळू केली. हाक आली नाही म्हणून बघितलं. नीराबाई सुरूखाली झोपली होती, पाणी आणि काथ्या लागून लाल झालेले हात दोन्ही बाजूंना पसरलेले. बांगडे उन्हात. वाकटी आणि ढोमा खड्ड्यांत. शिंगाळ्याची पाळी होती. त्याने माझ्याकडे एकदा बघून घेतलं, मग तिच्या उजव्या हाताचं एक बोट चाटलं. त्याच्या चेहऱ्यावरून चव काही सुधारलेली दिसत नव्हती. तरी तो तिथेच बसला, हनुवटी त्या तळहातावर टेकली, आणि एक कान उभा ठेवून खळ्याकडे बघत राहिला.